मुलगा "मी येते" म्हणतो. दुरुस्त करायचं का?

कडबोळं | मंगळवार, रात्री १०.५०

आज शेवटी धागा काढतेच. आमचे चिरंजीव दोन वर्षं चार महिन्यांचे. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की ते "मी येते", "मी करते", "मी पडले" म्हणतात. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. नवरा रात्री साडेनऊला उगवतो, तोवर हा झोपलेला.

काल सोसायटीच्या बागेत एका काकांनी सगळ्यांसमोर "काय रे, तू मुलगी आहेस का?" म्हणून हसून घेतलं. हा माझ्या ओढणीत शिरला. तेव्हापासून घरात मोहीम सुरू आहे. तो "येते" म्हणाला की सासूबाई लगेच, "येतोऽऽ म्हण, येतो." तो म्हणतो "येतो." दोन मिनिटांनी चपला घालताना पुन्हा "मी पण येते!"

शिवाय "बाबा ऑफिसला जाला", "मी करला". हे "जाला" आमच्याकडे कोणीच म्हणत नाही, मग आलं कुठून? आणि "तुला पाणी पाहिजे" म्हणजे त्याला स्वतःला पाणी पाहिजे असतं.

दुरुस्त करत राहू की सोडून देऊ?

रंकाळाकाठ | मंगळवार, रात्री ११.०५

आमच्या कोल्हापुरात हा प्रश्नच येत न्हाई. आई म्हणती "जेवलो", आज्जी म्हणती "आलो की", ताई म्हणती "जातो". पोरगं काय वेगळं म्हणणार? पुण्यातच असली भानगड.

चिंचबोर | मंगळवार, रात्री ११.२०

आमच्याकडे उलटा प्रकार. नवरा घरून काम करतो, मुलगी दिवसभर त्याच्या पायात. तीन वर्षांची होईपर्यंत "मी जातो, मी नाही खाणार जा" असा थाट होता. शाळेत गेल्यावर कधी बदललं कळलंसुद्धा नाही. काकांना सांगा, स्वतःचं बघा.

ध्वनिवेडा | बुधवार, सकाळी ७.४०

कडबोळं, तुमच्या मुलाची चूक फार हुशारीची आहे. भाषाशास्त्र माझा शिकवण्याचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

त्याच्या बाजूने बघा. दिवसभरात त्याच्या कानावर "मी" या शब्दामागे काय येतं? "मी आले हं", "मी करते", "मी देते". आई आणि आजी दोघींच्या तोंडून. "मी"नंतर "-ते", "-ले" येतं हा नियम त्याने बरोबर टिपला. "मी" बोलणाऱ्यावर फिरतो आणि क्रियापदाचं शेपूटही त्याच बोलणाऱ्यावर फिरतं, ही पुढची पायरी. "तुला पाणी पाहिजे" तिथूनच येतं. सगळे त्याला "तुला पाणी पाहिजे का?" विचारतात, म्हणजे पाण्याच्या वेळी म्हणायचं ते हेच, असा त्याचा हिशोब. बरोबर तोच आवाज काढला तर पाणी मिळतं, मग चूक कळणार कशी?

आता गंमत. बाकी सगळे शब्द तुम्ही त्याला बोलून दाखवू शकता. तो "भूभू जाला" म्हणाला की "हो, भूभू गेला" म्हणायचं, झालं. पण "मी येतो" हे तुम्हाला त्याला बोलून दाखवताच येत नाही, कारण तुम्ही म्हणाल तेव्हा ते "येते"च असणार! (कोल्हापूरकर सोडून.) तुम्ही त्याला "तू येतोस का?" म्हणता. त्या "येतोस"वरून त्याने स्वतःच "येतो" काढायचं. म्हणून त्याला वेळ लागतोय. एक करून बघा. त्याच्याबद्दल त्यालाच विचारा, "सोनू कुठे गेला होता?" तो स्वतःचं नाव घेऊन "सोनू आला" म्हणतो की "आली"?

आणि मराठी इथे थांबत नाही. "मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी केळं खाल्लं." इथे बोलणारा बाप्या की बाई याला काही किंमत नाही, जे खाल्लं त्याच्यावर सगळं. "मी पडलो" पण "मी पेला पाडला". "मी पाणी प्यायलो" मात्र पुन्हा बोलणाऱ्यावर, का ते मला विचारू नका. मोठेपणी मराठी शिकणारी माणसं या जागी वर्षानुवर्षं अडखळतात. सव्वादोन वर्षांचं पोर दूध पिता पिता हे सोडवतंय.

"जाला" कुठून आलं? त्याच्या डोक्यातून. पड-पडला, बस-बसला, रड-रडला. मग जा-जाला, कर-करला. गेला, केला, आला, दिला हे आडदांड अपवाद आपण पाठ केलेले असतात. "जाला" कोणीच म्हणत नाही, तेच महत्त्वाचं आहे. न ऐकलेला शब्द मूल नक्कल करून आणूच शकत नाही. काही मुलं आधी "गेला" बरोबर म्हणतात, मग काही महिने "जाला"वर घसरतात आणि मग परत "गेला"वर येतात. मधली घसरण म्हणजे नियम सापडल्याची खूण.

जीन बर्को या अमेरिकन बाईंनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला एक बनावट नाव दिलं आणि "आता असे दोन आहेत, हे दोन काय?" विचारलं. शब्द जन्मात ऐकलेला नाही, तरी मुलांनी अनेकवचन करून दिलं. पाठांतराने हे होत नाही.

कडबोळं | बुधवार, सकाळी ९.१५

आत्ताच विचारलं. "सोनू कुठे गेला होता?" तर "सोनू बागेत जाला." लगेच पुढे "मी पण जाते." म्हणजे मुलगा आहे हे त्याला माहितीय, फक्त "मी" बाई आहे! आणि "मी पोळी खाल्ली, मी लाडू खाल्ला" दोन्ही अगदी बरोबर म्हणतो. हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

साखरफुटाणा | बुधवार, सकाळी १०.३०

ध्वनिवेडा, तुमचा प्रयोग आमच्या चार वर्षांच्या कन्येवर केला. कागदावर डोळे असलेला बटाटा काढला. "हा एक गपडा. आता दोन?" "गपडे." पटकन. "ही एक भुपडी. दोन?" "भुपड्या." तेही पटकन. "हे एक टुंबलं. दोन?" इथे गाडी अडली. वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाली, "टुंबली. पण बाबा, हे टुंबलं नाहीये, बटाटा आहे."

आजीचा_बटवा | बुधवार, दुपारी २.१०

तुमचं व्याकरण छान आहे, पण आमच्या वेळी मुलं आपोआप बोलायची. अंगावर दूध, मांडीवर अडगुलं मडगुलं, काऊचिऊच्या गोष्टी. उशीर झाला तर गुटीत वेखंड जरा जास्त उगाळायचं, मधाबरोबर जिभेवर चाटवायचं. आमच्या सासूबाई तर पोपटाने उष्टावलेला पेरू द्यायच्या. माझा धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, पेरू दिला आणि महिन्याभरात पोपटासारखा बोलायला लागला. आता वकील आहे.

नवखा_बाबा | बुधवार, दुपारी ३.४५

धागा सोडून विचारतो, माफ करा. आमचा मुलगा १९ महिन्यांचा, अजून एकही शब्द नाही. अं अं करून हाताला धरून नेतो. डॉक्टरांनी "मुलगे उशिरा बोलतात, दोन वर्षांचा होईपर्यंत थांबा" म्हणून सांगितलं. आई म्हणते मीही उशिरा बोललो. बायको रोज रात्री रडते. तुमच्याकडे "येते की येतो" हा प्रश्न आहे हे वाचून हेवा वाटला, खरं सांगतो.

कानमंत्र | बुधवार, दुपारी ४.२०

नवखा_बाबा, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कान तपासणं हे रोजचं काम. थांबू नका. घाबरू नका, पण थांबूही नका.

पहिलं काम श्रवणचाचणी. "ऐकतो की, दार वाजलं तर वळतो" हे मला दर आठवड्याला ऐकावं लागतं. मागे उभं राहून टाळी वाजवली की मूल सावली बघतं, हवेची झुळूक जाणवते, जमिनीचा धक्का लागतो. काही आवाज ऐकू येतात, काही येत नाहीत, असंही असतं. जाड आवाज कळतो, पण "स", "श" निसटतात. झोपलेल्या बाळाची तपासणीसुद्धा होते. ओएई चाचणीत कानातल्या आतल्या पेशींचा प्रतिसाद बघतात, बेरा चाचणीत आवाज मेंदूकडे पोचतो का ते. सुया नाहीत, दुखत नाही. पडद्यामागे पाणी साठलंय का ते टिंपॅनोमेट्रीत काही सेकंदांत कळतं, आणि लहान मुलांत हे पाणी वारंवार आढळतं.

आणखी एक गैरसमज. "तान्हा असताना आवाज काढायचा, म्हणजे ऐकत होता." जन्मजात बहिरी बाळंही पहिले काही महिने अगदी गोड हुंकार देतात. फरक नंतर पडतो. ऐकू येणारी बाळं साधारण सहा ते दहा महिन्यांत "बाबाबा, दादादा" अशी नीट अक्षरांची माळ लावायला लागतात. न ऐकणाऱ्यांत ही माळ फार उशिरा येते किंवा येत नाही. मात्र मूकबधिर आईवडिलांच्या घरात खुणांची भाषा बघत वाढणारी बहिरी बाळं त्याच वयात हातांनी बडबडतात! मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी १९९१ मध्ये हे दाखवलं. म्हणजे बडबडीची ओढ आतूनच असते, तिला कानाचा नाहीतर डोळ्याचा रस्ता हवा.

वेळापत्रक कॅलेंडरसारखं पाळू नये, पण या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नये : बारा महिन्यांपर्यंत बोट दाखवणं, टाटा करणं नाही; सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही; दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत ("मंमं दे", "बाबा भुर्र" असे). आणि येत असलेले शब्द गेले, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात जा.

मुलगे सरासरीने थोडे मागे असतात हे खरं. पण तो फरक थोडा असतो, १९ महिने शून्य शब्द असं त्याने समजावता येत नाही.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. सरकारी, त्यामुळे खिशाला परवडते. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी येते आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर केंद्रं काढली आहेत. जगभरचा दंडक असा : पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. आपल्याकडे अजूनही अडीच-तीन वर्षांची मुलं पहिल्यांदा आणली जातात. बहुतेक वेळा वाटेत कोणीतरी "थांबा" म्हणालेलं असतं.

आजी, राग मानू नका. पेरू द्या, पेरू चांगला. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि वेखंड पोटात देऊ नका. धाकटे वकीलसाहेब महिन्याभराने तसेही बोललेच असते.

आजीचा_बटवा | बुधवार, संध्याकाळी ५.००

राग कसला. मध माहीत नव्हतं. पण पोपटाचं मी सोडणार नाही.

नवखा_बाबा | बुधवार, संध्याकाळी ५.१०

उद्याच फोन करतो. बोट दाखवतो तो, कालच चांदोबा दाखवला. धन्यवाद.

कानमंत्र | बुधवार, संध्याकाळी ५.१४

बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघतो का? चंद्र, मग बाबा, मग पुन्हा चंद्र? तसं असेल तर फार चांगली गोष्ट आहे. तरीही फोन कराच.

परसदार | बुधवार, रात्री ९.३०

न्यू जर्सीहून. माझी मुलगी पाच वर्षांची, समजतं सगळं, पण "तू"ला "टू" म्हणते. "आई टू ये." ताट आणि टाट एकच. आम्ही घरी मराठीच बोलतो, निदान प्रयत्न करतो, पण पाळणाघर दहाव्या महिन्यापासून. आमचंच चुकलं का?

ध्वनिवेडा | बुधवार, रात्री १०.१५

तुमचं काही चुकलं नाही, पण योगायोग बघा, या बाबतीतला सगळ्यात गाजलेला प्रयोग आपल्याच "त" आणि "ट"वर झालेला आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांतल्या फारच थोड्यांना. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तर जवळपास नाहीच. घरात ज्या फरकाला काही अर्थ नाही, त्याकडे मेंदू कानाडोळा करायला शिकतो, तेही पहिला वाढदिवस यायच्या आत.

म्हणजे जन्मतः बाळ त-ट, ळ-ल, चंद्रातला च आणि चांदोबातला च, सगळ्याला तयार असतं. मग घर ठरवतं. इंग्रजीतला ट ना धड आपला त, ना आपला ट, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी टाळ्याच्या पुढच्या टोकाला. तिला दोन खण हवेत, तिकडे एकच मिळतो. पाच वर्षं काही फार नाहीत. दोन महिने आजोळी ठेवा आणि भावंडांत सोडा.

ऐकणं तर जन्माआधीपासून चालू असतं. जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गच्या संशोधकांनी २००९ मध्ये तीस फ्रेंच आणि तीस जर्मन नवजात बाळांचं रडणं नोंदवलं, जेमतेम तीन ते पाच दिवसांची बाळं. फ्रेंच रडणं खालून वर चढणारं, जर्मन वरून खाली उतरणारं. दोन्ही भाषांचा हेल तसाच. पोटात शब्द पोचत नाहीत, पण हेल पोचतो. मराठी बाळ कसं रडतं हे कोणीतरी मोजायला हवं. माझा अंदाज, नागपूरचं आणि मालवणचं वेगळं निघेल. (हा निव्वळ अंदाज, शास्त्र नव्हे!)

परसदार | बुधवार, रात्री १०.४०

आजोळी दोन महिने म्हणजे स्वप्नच. आजी रोज व्हिडिओ कॉल करते, त्याचा काही उपयोग?

ध्वनिवेडा | बुधवार, रात्री ११.००

आहे, आणि हे नुसतं दिलासा म्हणून सांगत नाही. सिअ‍ॅटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेचा अनुभव दिला, बारा बैठका. समोर बसून खेळणाऱ्या, पुस्तक दाखवणाऱ्या बाईंकडून बाळं चिनी ध्वनी शिकली. त्याच बाई टीव्हीवर दाखवल्या तेव्हा काही नाही. पुढे २०१४ मध्ये आणखी एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून नवी क्रियापदं शिकली, पण आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून नाही. कॉलवरची आजी थांबते, "काय गं, काय दाखवतेस?" म्हणते, पोरीच्या उत्तरावर हसते. यूट्यूबवरचा हत्ती कोणासाठी थांबत नाही.

बेळगावची_मिरची | गुरुवार, सकाळी ८.२०

आमच्याकडे घरी मराठी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्रजी, टीव्ही हिंदी. मुलगा अडीच वर्षांचा असताना शाळेतल्या बाईंनी "एकच भाषा ठेवा, गोंधळतोय" म्हणून सांगितलं. आम्ही काय शेजार बदलणार? आजीशी मराठी, खालच्या अज्जींशी कन्नड, आपोआप ठरलं त्याचं. "नीर दे" असली भेळ करायचा, तीही थांबली.

कानमंत्र | गुरुवार, सकाळी ९.०५

मिरचीताई, बरं केलंत ऐकलं नाहीत ते. दोन-तीन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही. शब्द मोजताना मात्र सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. मराठी पंधरा आणि कन्नड पंधरा तर तीस. एकाच भाषेतले मोजून "मागे आहे" म्हणणं चूक. घरची भाषा तोडायला सांगितली की मूल आजीला मुकतं, आणि बदल्यात काही मिळत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | गुरुवार, सकाळी ११.४०

माह्या बायकोनं कुठंतरी वाचलं का गरिबाघरच्या पोट्ट्याईले तीन कोटी शब्द कमी आयकू येतात. तवापासून घरात क्रिकेटची कॉमेंटरी चालू हाय. "आता आई कांदा चिरते, आता आई तेल टाकते, आता आई फोडणी देते." पोट्टं कटाळून गॅलरीत जाऊन बसते. माही माय वावरात दिवसभर निंदायची, मी बांधावर झोळीत. तिनं काहून कॉमेंटरी केली नाही, तरी मी बोलतोच हाय ना?

ध्वनिवेडा | गुरुवार, दुपारी १.०५

ठेचाभाऊ, तुमच्या मायचा मुद्दा मोठमोठ्या संशोधकांनी मांडलाय. तीन कोटींचा आकडा १९९५च्या अभ्यासातला, हार्ट आणि रिस्ली या दोघांचा. एकूण ४२ अमेरिकन कुटुंबं. त्यावरून अख्ख्या जगाच्या आयांना कामाला लावलं. नंतर त्यावर बरीच टीका झाली. त्यांनी मुलाशी थेट बोललेलंच मुख्यतः धरलं, आजूबाजूला काकू-आत्या-भावंडं बोलतात ते सोडून दिलं, हा एक आक्षेप. वाड्यात किंवा वस्तीत वाढलेल्या माणसाला तो लगेच पटेल.

पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत आया तान्ह्या बाळाशी लाडीक बोलतच नाहीत, कारण ते "अजून कळत नाही" असं मानतात. बाळाला तोंड बाहेरच्या बाजूला करून धरतात आणि त्याच्या वतीने स्वतः बोलतात. तीही मुलं वेळेवर बोलतात. हे वाचलं तेव्हा मला आमची आजी आठवली. भाचीला कडेवर घेऊन ती म्हणायची, "म्हणावं, मामा, मला खाऊ नाही आणला? म्हणावं, जा, कट्टी." ते "म्हणावं" कुठल्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात नाही मिळायचं.

मात्र अगदीच बोलणं नाही, तर काही नाही. अकबराने काही तान्ह्या बाळांना एका वेगळ्या घरात ठेवलं. दाया होत्या, पण बोलायला बंदी. मुलं मूळ भाषा कोणती बोलतात ते बघायचं होतं. काही वर्षांनी बघितलं तर एकही बोलेना. लोकांनी त्या घराला गुंग महाल नाव दिलं. बादशहा असूनही हट्ट कसला, तर शेजारच्या कोणत्याही दाईने फुकट सांगितलं असतं ते शोधण्याचा.

चिंचबोर | गुरुवार, दुपारी २.३०

मला एक सांगा. "भूभू, माऊ, मंमं, गाई करायची, बाऊ झाला" हे वापरावं का? आमच्या बालवाडीच्या बाई म्हणतात पहिल्यापासून "कुत्रा" म्हणा, नाहीतर दोनदा शिकावं लागतं.

ध्वनिवेडा | गुरुवार, दुपारी ३.५०

हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मराठीच्या बाळबोलीवर अशोक केळकरांनी १९६४ सालीच 'वर्ड' या अमेरिकन नियतकालिकात लेख लिहिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषाशास्त्रज्ञ केळकर, तेच. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोली शेजारी ठेवल्या : अरबी, कोमांची (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची), गिल्याक (रशियाच्या पूर्व टोकाची), इंग्रजी, स्पॅनिश आणि आपली मराठी. इतक्या दूरदूरच्या भाषा, पण ठेवण तीच. अक्षरं दुहेरी, ओठांचे ध्वनी भरपूर, जोडाक्षर नाही, विषय खाणं-झोपणं-शी-शू-प्राणी-नातेवाईक.

आणि लक्षात घ्या, बाळबोली बाळाची नसते, मोठ्यांची असते. बाळाने "मंमं" शोधलेला नाही, तुमच्या आजीने तो तिच्या आजीकडून घेतला. बाळाच्या तोंडाला जे सोपं जाईल ते हेरून पिढ्यांनी तयार ठेवलेला हा शिधा आहे. शिवाय "भूभू"मध्ये कुत्र्याचा आवाज आहे, शब्द आणि वस्तू जोडायला आयता धागा मिळतो. दोनदा शिकण्याची काळजी ज्याला वाटते, त्याने वीस वर्षांचा एक तरी माणूस "भूभू चावला" म्हणताना दाखवावा.

अवांतर : बहुतेक भाषांत "म" आईला मिळाला. मामा, मम्मा, मां. आपण "आई"ला व्यंजनच ठेवलं नाही, नुसते दोन स्वर, आणि "म" दिला जेवणाला. तेवढी आपली खाद्यसंस्कृती!

रंकाळाकाठ | गुरुवार, दुपारी ४.०५

आणि मामाला. आमच्या पुतण्यानं आधी "मामा" म्हटलं, मला अजून "ताता" म्हणतोय. मी काका हाय का टाटा?

कानमंत्र | गुरुवार, दुपारी ४.३०

काकांनी मनाला लावून घेऊ नये. "म" ओठांचा, बाळाला तुमच्या तोंडावर दिसतो. "क" घशाजवळ जिभेच्या मागच्या भागाने, न दिसणारा. म्हणून काकाचा ताता, गायीची दाय, कावळ्याचा तावळा. र आणि ळ तर आणखी उशिरा, चार-पाच वर्षांपर्यंत "लाम" चालतो.

पण तुम्ही त्याला मुद्दाम "ताता कुठाय?" विचारून बघा. चिडेल.

रंकाळाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ७.२०

विचारलं. म्हणाला, "ताता न्हाई! ताता!" लाल झाला बघा. म्हणजे त्याला कळतंय बरोबर काय, जीभ ऐकंना झालीया.

साखरफुटाणा | गुरुवार, रात्री ८.००

आमची "आम्ही" आणि "आपण" यात अजून हातचलाखी करते. पसारा आवरायचा असला की "आपण आवरू या", आणि आइस्क्रीम खायचं असलं की "आम्ही खाणार". हे भाषाशिक्षण की राजकारण?

ध्वनिवेडा | गुरुवार, रात्री ८.१५

यातलं पहिलं तुम्हीच शिकवलंत. "चला, आपण आंघोळ करू या" म्हणून एकट्यालाच आंघोळ घालतो ना आपण.

नवखा_बाबा | तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री ११.३५

सांगायचं राहून जायला नको म्हणून. बेरानुसार आतला कान चांगला. दोन्ही पडद्यांमागे पाणी निघालं. कदाचित कित्येक महिन्यांपासून असेल, सर्दी सारखी व्हायचीच. त्याला जग पाण्याखालून ऐकू यावं तसं येत असणार, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. कान-नाक-घसावाल्यांचे उपचार सुरू आहेत, महिन्याने पुन्हा तपासणी, लागलं तर छोटी नळी बसवतील. स्पीच थेरपीही लावली आहे. थेरपीत आम्हालाच शिकवतात : तो ज्याच्याकडे बघतोय त्याचं नाव घ्या, मग गप्प बसा आणि दहापर्यंत मोजा. गप्प बसणं सगळ्यात अवघड, आईला तर जमतच नाही.

परवा चेंडू हातात धरून उभा राहिलो, आठपर्यंत मोजलं. म्हणाला "बॉ". बायको परत रडली.

आजीचा_बटवा | मंगळवार, सकाळी ६.१०

देव पावला. पेरू नको हो, मी काही बोलत नाही.

कडबोळं | दोन महिन्यांनी, रविवार, दुपारी १२.२०

धागा वर काढते. मोहीम केव्हाच बंद केली, नवऱ्याने मात्र सकाळची वेळ बदलली. आता दोघं मिळून दूध आणायला जातात, "मी पिशवी घेतो, मी दार उघडतो" चालू असतं. "जाला" अजून आहे. पण गेल्या आठवड्यात अचानक "मी येतो". मग दोन दिवस दोन्ही. काल तर मी चपला घालताना म्हटलं, "थांब, मी येते," तर कमरेवर हात ठेवून मला म्हणतो, "आई, येते नाही. येतो म्हण."

सासूबाईंच्याच सुरात.

रंकाळाकाठ | रविवार, दुपारी १२.३१

म्हणून टाका की वहिनी. आमच्याकडं चालतंय.